आमंत्रण आणि निमंत्रण

आमंत्रण आणि निमंत्रण हे दोन शब्द आज आपण एकाच अर्थाने वापरतो. लग्नपत्रिकेत कधी एक येतो, कधी दुसरा. पंक्तीला बसणाऱ्यांच्या संख्येत त्यामुळे काही फरक पडत नाही. पाणिनीने मात्र आपल्या सूत्रात हे दोन शब्द वेगवेगळे घेतले आणि त्याच्या टीकाकारांनी त्यांतील भेद उलगडून दाखविला. ज्या बोलावण्यास जावे की न जावे हे बोलावलेल्याच्या इच्छेवर असते, ते आमंत्रण. जे टाळण्याची मोकळीक नसते, ते निमंत्रण. श्राद्धाच्या भोजनास दौहित्राला बोलावणे, हे निमंत्रणाचे उदाहरण सिद्धान्तकौमुदीत दिले आहे. हा भेद व्याकरणाचा म्हणून सांगितला असला तरी मुळात तो कर्तव्याचा आहे, आणि एका अगदी किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस त्याचा मोठा उपयोग झाला. तो प्रश्न असा : चित्रप्रदर्शन संपून गेल्यावर त्याच्या निमंत्रणपत्रिकेचे काय करावे? कलादालनाने ती जपून ठेवावी, की रद्दीत घालावी?

प्रश्न किरकोळ दिसतो, याचे कारण ती वस्तूच किरकोळ आहे. वीतभर लांबीचा जाड कागद. एका बाजूस चित्राची लहानशी प्रतिकृती, दुसऱ्या बाजूस चित्रकाराचे नाव, उद्घाटकाचे नाव, वार, तारीख, वेळ आणि दालनाचा पत्ता. उद्घाटक अधिकारपदावरील गृहस्थ असतील तर त्यांचे नाव चित्रकाराच्या नावापेक्षा ठसठशीत टायपात. दिल्लीतील आमच्या वाचकांना मंडी हाउसच्या परिसरातून अशी पत्रिका अधूनमधून आली असेल. मुंबईकरांना काळा घोड्याजवळील जहांगीर कलादालनाची पत्रिका ओळखीची असेल. तिचे आयुष्य फार तर पंधरवड्याचे. उद्घाटनापर्यंत ती टेबलावर राहते. पुढे तिच्या कोऱ्या पाठीवर किराणा मालाची यादी लिहिली जाते. लग्नपत्रिकेवर निदान गणपती असतो, त्यामुळे ती टाकताना हात अडखळतो. चित्रप्रदर्शनाच्या पत्रिकेस तेवढेही संरक्षण नाही.

सरकारी दप्तराशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना कागद ठेवण्या-टाकण्याचा हा पेच नवा नाही. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत निकाली निघालेल्या फायलींचे तीन वर्ग करतात. 'ए' वर्गाची फाइल कायम ठेवावयाची आणि तिची सूक्ष्मचित्रफीतही करावयाची; 'बी' वर्गाची कायम ठेवावयाची, पण फीत करावयाची नाही; 'सी' वर्गाची ठरलेली वर्षे भरली की नष्ट करावयाची. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत या कामाला निंदणी म्हणतात. शब्द शेतातला आहे आणि म्हणूनच विचार करण्यासारखा आहे. कारण शेतात निंदणी करणाऱ्या बाईला पीक कोणते आणि तण कोणते हे ठाऊक असते. दप्तरात ते ठाऊक असतेच असे नाही. आज ज्याला आपण तण म्हणून उपटतो, ते पन्नास वर्षांनी येणाऱ्याच्या दृष्टीने पीक असू शकते.

कायद्यालाही या अडचणीची जाणीव आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने असे ठरविले आहे की, १८९२ सालापूर्वीचा कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येणार नाही. तो इतका जीर्ण झाला असेल की त्याचा उपयोगच उरला नाही, तर तेवढाच अपवाद. आज जे राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्याची स्थापना कलकत्त्यास १८९१ मध्ये इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट या नावाने झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या वर्षाचा संदर्भ ध्यानात येतो. येथे कायदा कागदाचा विषय विचारत नाही, त्यावर सही कोणाची आहे हेही पाहत नाही. केवळ वय पाहतो. इतके दिवस जो कागद टिकला त्याला टिकण्याचा हक्क प्राप्त झाला, असे जणू तो म्हणतो. परंतु हा कायदा सरकारी कागदांपुरता. खासगी कलादालनाला तो लागू नाही. तेथे पत्रिका ठेवण्याची सक्ती कोणी करीत नाही आणि टाकल्याबद्दल कोणी जाब विचारीत नाही. जेथे जाब विचारणारा नसतो, तेथेच प्रश्न खऱ्या अर्थाने नीतीचा होतो.

महाराष्ट्राला तर याचे उत्तर एकदा मिळून चुकले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जी दप्तरे गोळा करीत, ती इतिहास म्हणून कोणी लिहून ठेवलेली नव्हती. हिशेब, वराता, घरगुती पत्रे, तंट्यांचे कागद असा तो ऐवज होता. ते लिहिणाऱ्यांना आपला कागद पुढच्या आठवड्यापलीकडे जाईल असेही वाटले नसेल. वाड्यांच्या माळ्यांवर, उंदीर आणि पाऊस यांच्या तावडीत पडलेल्या अशा कागदांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचे बावीस खंड उभे राहिले. बखर लिहिणाऱ्याला आपण पुढच्या पिढीशी बोलत आहोत याचे भान असते, म्हणून तो सावरून बोलतो. वरात लिहिणारा कारकून पुढच्या पिढीशी बोलत नसतो, म्हणून त्याच्याकडून खरे निसटून जाते. प्रदर्शनाची पत्रिका ही या दुसऱ्या जातीची आहे. चित्रकाराच्या चरित्रग्रंथात त्याचे यश वाचावयास मिळते. तो कोणत्या साली, कोणत्या दालनात, कोणाच्या हस्ते उद्घाटन करवून, लोकांनी यावे म्हणून वाट पाहत उभा होता, हे पत्रिका सांगते.

जागा नाही, ही सबब प्रथम पुढे येते. तिचा हिशेब करून पाहावा. जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले. अशा दालनात चित्रकार भाडे भरून साधारणतः आठवड्याभरासाठी जागा घेतात. समजा, एका दालनात वर्षाला ५२ प्रदर्शने झाली आणि ७० वर्षे खंड पडला नाही. तर पत्रिका झाल्या ३,६४०. पत्रिकेची जाडी अर्धा मिलिमीटर धरली, तर त्यांची चळत दोन मीटरही भरत नाही. प्रत्येक पत्रिकेला स्वतंत्र पाकीट घातले तरी सगळा संग्रह एका पोलादी कपाटात मावेल. सत्तर वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्या भिंतींवर आपले काम टांगले, त्या सर्वांची नावे एका कपाटात. यापेक्षा अधिक जागा कोणत्याही कचेरीत मोडक्या खुर्च्यांनी अडविलेली असते. तेव्हा जागेची सबब खरी नव्हे. खरी गोष्ट ही की, ज्यांचे नाव पुढे झाले नाही त्यांची पत्रिका कशासाठी ठेवावी, हा प्रश्न आपल्या मनात असतो आणि तो उघडपणे विचारण्याचा संकोच वाटतो म्हणून आपण जागेकडे बोट दाखवितो.

आमच्या मते सगळ्या वादाचे मर्म येथे आहे. नामांकितांच्या पत्रिका ठेवाव्या आणि बाकीच्या टाकाव्या, हा मध्यम मार्ग शहाणपणाचा वाटतो, पण तो न्यायाचा नाही. नामांकितांना पत्रिकेची गरजच नसते. त्यांची चित्रे संग्रहालयांत असतात, त्यांच्यावर ग्रंथ निघतात, लिलावात त्यांची किंमत पुकारली जाते. पत्रिकेची खरी गरज त्याला आहे, ज्याने आयुष्यात एकदाच प्रदर्शन भरविले. एखाद्या शाळेतील चित्रकलेच्या शिक्षिकेला, जिने साठविलेल्या पैशांतून दालनाचे भाडे भरले, चौकटी करवून घेतल्या, पत्रिका छापल्या आणि आठवडा संपताच चित्रे गुंडाळून घरी नेली. ती चित्रे पुढे कोठे गेली हे कोणी सांगू शकत नाही. एका ठरावीक संध्याकाळी ती चित्रकार होती, याचा जगात एकच छापील पुरावा आहे. तो नष्ट करणे म्हणजे कागद नष्ट करणे नव्हे. ती घटना घडलीच नाही असे ठरविणे होय. असा निर्णय देण्याचा अधिकार रेकॉर्ड ठेवणाऱ्याला कोणी दिला?

आणि नामांकित कोण, हे ठरविणार तरी केव्हा? १९६३ च्या ऑक्टोबर महिन्यात नवी दिल्लीस रवींद्र भवनात बारा चित्रकार-शिल्पकारांच्या एका गटाचे प्रदर्शन भरले. गटाचे नाव 'ग्रुप १८९०'. हा आकडा सालाचा नव्हे. १९६२ मध्ये भावनगरच्या ज्या घरी हे मित्र जमले, त्या घराचा तो क्रमांक. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. कॅटलॉगची प्रस्तावना लिहिली ओक्टाव्हिओ पाझ यांनी. पाझ त्या वेळी मेक्सिकोचे भारतातील राजदूत होते. त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९० मध्ये. या गटाचे दुसरे प्रदर्शन कधीच झाले नाही. बारांपैकी जे. स्वामीनाथन, जेराम पटेल, हिम्मत शाह, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट ही नावे आज कलेच्या इतिहासात पक्की झाली आहेत. त्यांत आपल्या अकोल्याचे अंबादासही होते. ते पुढे नॉर्वेत स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये ओस्लो येथे वारले. काहींची नावे मात्र आज क्वचितच कानांवर पडतात. पण १९६३ च्या त्या महिन्यात एखाद्या कारकुनाला या बारांची निंदणी करावयास सांगितले असते, तर त्याने कोणाला ठेवले असते? बहुधा उद्घाटकाच्या नावाकडे पाहून सगळ्यांनाच ठेवले असते. आणि चुकीच्या कारणासाठी का होईना, योग्य तेच केले असते.

यावर एक सूक्ष्म आक्षेप असा की, पत्रिका ही अखेर सावली आहे. मूळ वस्तू चित्र. ते गेले तर सावली ठेवून काय मिळवाल? या आक्षेपाला युरोपातील काही कलावंतांनी विलक्षण उत्तर दिले आहे. २८ एप्रिल १९५८ रोजी पॅरिसमध्ये इरिस क्लेर या बाईंच्या छोट्याशा दालनात इव्ह क्लाइन या चित्रकाराने जे प्रदर्शन उघडले, त्यात काहीच नव्हते. खोली रिकामी करून भिंती पांढऱ्या रंगविल्या होत्या, एवढेच. मात्र पत्रिका रीतसर छापून निळ्या तिकिटासह टपालाने गेल्या होत्या, आणि ज्याच्याजवळ पत्रिका नसेल त्याला १,५०० फ्रँक प्रवेशमूल्य होते. दोन वर्षांनी, १९६० मध्ये, त्याच दालनात आर्मां या कलावंताने नेमके उलटे केले. त्याने खोली टाकाऊ वस्तूंनी आणि कचऱ्याने इतकी भरली की आत पाऊल ठेवता येईना. लोकांना काचेतून पाहावे लागले. या प्रदर्शनाचे निमंत्रण सार्डिन माशांच्या पत्र्याच्या डब्यातून गेले. असा डबा कोणत्या फायलीत लावावा, त्याला भोक पाडून टॅग कसा घालावा, हे आमच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकात सांगितलेले नाही. गंमत अशी की खोलीतला कचरा गेला, आणि ते डबे आज संग्रहालयांत जपलेले आहेत. पुढे १९६९ च्या डिसेंबरात रॉबर्ट बॅरी या अमेरिकन कलावंताने अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका दालनातर्फे एवढेच छापून कळविले की, प्रदर्शनाच्या काळात दालन बंद राहील. येथे तर पत्रिकेपलीकडे पाहण्यासारखे काही नव्हतेच. ही उदाहरणे टोकाची आहेत. सर्वसामान्य चित्रकार असे काही करीत नाही आणि करू नये असेच आम्हांस वाटते. पण टोकाच्या उदाहरणाने सामान्य गोष्टीचे स्वरूप स्पष्ट होते. प्रत्येक प्रदर्शन आठ दिवसांनी रिकाम्या खोलीतच संपते. चित्र सावलीहून मोठे खरे. पण चित्रांनी त्या आठवड्यात ज्या क्रमाने, ज्या लोकांपुढे, ज्या आशेने एकत्र यावयाचे ठरविले होते, तो मेळ पुन्हा जमत नाही. त्या मेळाची सावली पत्रिकेखेरीज फार थोड्या वस्तू धरून ठेवतात.

जपण्याचे ठरविले म्हणजे काम संपले असे नाही. तेथून सत्यनिष्ठेची परीक्षा सुरू होते. पत्रिकेत एक मोठी उणीव असते. तिच्यावर वार असतो, तारीख असते, पण पुष्कळदा साल नसते. बोलावणाऱ्याला सालाची गरज वाटत नाही, कारण तो पुढच्या आठवड्याबद्दल बोलत असतो. समजा एका पत्रिकेवर 'रविवार, २० ऑक्टोबर' एवढेच आहे. पंचांग चाळले तर हा योग १९५७, १९६३, १९६८ आणि १९७४ या वर्षी येतो. आता पत्त्याकडे पाहावे. शेवटी 'नवी दिल्ली १' असेल तर पत्रिका बहुधा १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीची, कारण त्या दिवशी पिनकोड सुरू झाला. '११०००१' असेल तर ती त्यानंतरची. पाकीट टाकले नसेल तर टपालाच्या शिक्क्याने वादच मिटतो. म्हणून पाकीटही ठेवावे. एवढे करूनही दोन साले उरली, तर दोन्ही लिहावीत. आपल्याला सोयीचे वाटते ते साल शाईने ठोकून देऊ नये. जे छापलेले आहे ते पत्रिकेचे, जे आपण अनुमानाने काढले ते आपले. म्हणून आपला शेरा शिसपेन्सिलीने, चौकटी कंसात.

तसेच पत्रिका काय सिद्ध करते आणि काय करीत नाही, याचाही विवेक हवा. अमुक गृहस्थ उद्घाटन करतील असे ती सांगते; त्यांनी केले असे सांगत नाही. ऐन वेळी त्यांना दुसरे काम निघाले असेल, पाऊस लागला असेल, प्रदर्शनच रद्द झाले असेल. पत्रिका ही संकल्पाची साक्षीदार आहे, सिद्धीची नव्हे. जो ती जपतो त्याने तिच्या तोंडी अधिक काही घालू नये. बाकीचे काम साधे आहे. गंजणाऱ्या टाचण्या काढाव्या, सेलोटेप लावू नये, कसर आणि वाळवी यांच्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवावे, आणि कोणी पाहावयास मागितले तर कपाटाची किल्ली सापडावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. अपरिग्रह हे व्रत आहे. मग कागदाच्या कपट्यांचा हा मोह कशाला? विस्मरण हीसुद्धा एक दया आहे. तरुणपणी भरविलेले कच्चे प्रदर्शन विसरले जावे असे एखाद्या चित्रकारालाच वाटत असेल, तर ते उकरून काढणारे आपण कोण? यातील पहिल्या भागाचे उत्तर आम्हांस असे वाटते की, परिग्रह आणि ठेव यांत फरक आहे. स्वतःच्या उपभोगासाठी साठविणे हा परिग्रह. दुसऱ्याची वस्तू तो येईपर्यंत सांभाळणे ही ठेव. पत्रिका जपणाऱ्या दालनाला त्यांचा काही उपभोग नाही. ज्याच्यासाठी ती जपावयाची तो अजून जन्मलाही नसेल. दुसऱ्या भागाचे उत्तर इतके सोपे नाही. खासगी पत्र आणि पत्रिका यांत भेद करावा लागेल. पाकिटावरील घरचा पत्ता, पाठीमागे कोणी खरडलेला मजकूर, देण्याघेण्याचा आकडा हे खासगी. ते ठेवले तरी उघडे करण्याची घाई नको. परंतु पत्रिकेचा छापील मजकूर चित्रकाराने स्वतःच चार लोकांपुढे ठेवला होता. त्याने जगाला बोलावले होते. ते बोलावणे मागाहून त्याला नकोसे झाले तरी घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही. फार तर तिच्याकडे पाहताना आपण सौजन्य ठेवावे. तिला मिटवू नये.

आज या प्रश्नाला एक नवी निकड आली आहे. हाँगकाँग येथे २००० साली स्थापन झालेल्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने आपल्याकडील काही कलावंतांच्या व समीक्षकांच्या खासगी संग्रहांतील कागदांच्या संगणकीय प्रती करून अभ्यासकांना खुल्या केल्या आहेत. ज्योती भट्ट आणि गुलाममोहम्मद शेख यांचे संग्रह त्यांत आहेत. कोणीतरी घरच्या कपाटात ते कागद ठेवले होते, म्हणून हे शक्य झाले. पण आताची पत्रिका पुष्कळदा कागदावर येतच नाही. ती फोनच्या पडद्यावर येते आणि फोन बदलला की जाते. जुनी पत्रिका विसरली तरी पुस्तकात खूण म्हणून राहून जाई. नवी पत्रिका आठवणीने ठेवली तरच राहते. पूर्वी निष्काळजीपणाही थोडेबहुत जतन करीत असे. आता त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. दालनाने प्रत्येक पत्रिकेची एक प्रत चांगल्या कागदावर छापून, साल घालून, कपाटात टाकण्याचा नियम केला, तर त्याला वर्षाकाठी पडणारा खर्च उद्घाटनाच्या एका चहापानाहून अधिक नसेल.

आता आरंभीच्या भेदाकडे वळतो. चित्रकार पत्रिका पाठवितो तेव्हा ते आमंत्रण असते. जावे, न जावे, आपली खुशी. साहेबांची सभा असते, मुलाची परीक्षा असते, बस वेळेवर मिळत नाही. न गेल्याचा दोष कोणी देत नाही. पण प्रदर्शन संपले, चित्रे पांगली, चित्रकारही गेला, आणि ती पत्रिका कोणा एकाच्या हाती उरली, म्हणजे तिचे स्वरूप पालटते. आता बोलावणारा पुन्हा बोलावू शकत नाही आणि दुसऱ्या कोणाकडे ते बोलावणे उरलेले नाही. ज्याच्या हाती ती पत्रिका आहे, त्याच्यापुरते ते आमंत्रण राहत नाही, निमंत्रण होते. श्राद्धाला दौहित्राने जावे ते जेवणासाठी नव्हे. त्याच्यावाचून गेलेल्याचे नाव घेणारा कोणी नसतो म्हणून. कपाटातील साडेतीन हजार नावांचे तसेच आहे. ती चांगले चित्रकार होते की नव्हते, हा निवाडा पुढची पिढी करील, किंवा करणार नाही. रेकॉर्ड सांभाळणाऱ्याकडे निवाड्याचे काम नाही. नाव पुकारले गेले तेव्हा कागद जागेवर असावा, एवढेच त्याच्याकडे आहे. आणि ते टाळण्याची मोकळीक त्याला नाही.